विलासनं कापलेली पानं

विनयानं दारातच पिशवी टाकली आणि चप्पल न काढताच ओरडली, "माझी कपाटं कुणी रिकामी केली?"

कुणी केली म्हणजे काय? घरात दुसरं होतं कोण? विलास चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला उठलेल्या शाळकरी पोरासारखं हसू होतं. दहा दिवस ती कुडाळला होती, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. त्या दहा दिवसांत या गृहस्थानं भिंतीला लागून असलेली तिन्ही पुस्तकांची कपाटं अशी साफ केली होती की फळ्यांवर नुसते धुळीचे चौकोन उरले होते.

"बस तर खरी," विलास म्हणाला. "तुझ्या डोक्याचा ताप कमी केला मी."

माणिकपूरची त्यांची इमारत पाडून नवी व्हायची होती. महापालिकेची धोकादायक असल्याची नोटीस जिन्यात चिकटवून झाली होती आणि महिनाअखेर सगळ्यांना घरं सोडायची होती. पुढची तीन वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची. चारशेच्या वर पुस्तकं तिथं कुठं मावणार, हा घोर दोघांनाही होता, हे खरंच. पण घोर होता म्हणून कुणी बायकोच्या पाठीमागे पुस्तकं उचलून देतं का?

"कुणाला दिलीस?"

"राजोडीच्या शेल्डनला. त्यानं समुद्रावर नवीन रिसॉर्ट काढलंय ना, तिथं वाचनालयासारखी भिंत करायची होती. टेंपो घेऊन स्वतः आला. रद्दीत नाही टाकली, विनया. वाचणाऱ्यांच्या हाती गेली."

विनयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विलासनं ते ओळखलं असावं, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "आणि आपली पानं मी ठेवलीत हं! ती नाही दिली. एवढा का मी बावळट आहे?"

या दोघांची एक रीत होती. लग्न ठरायच्या आधीपासूनची. कुठल्याही गावी गेले की आधी पुस्तकाचं दुकान शोधायचं. लोक देवळं बघतात, किल्ले बघतात, यांचं दुकान आधी. दुकानात शिरताना दोघं बरोबर, आत गेल्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे. अर्ध्या तासात दुसऱ्यासाठी एक पुस्तक निवडायचं. मधे बोलायचं नाही, दुसऱ्याच्या हातात काय आहे ते डोकावून बघायचं नाही. मग जवळचं हॉटेल गाठायचं आणि मागवलेला चहा टेबलावर येईपर्यंत पुस्तकाच्या पुढच्या कोऱ्या पानावर दुकानाचं नाव, तारीख आणि एक ओळ लिहायची. एकच. चहा आला की पुस्तकांची अदलाबदल. कोल्हापूर, बेळगाव, पणजी, नाशिक, दादर तर किती वेळा त्याला गणतीच नाही. गावातल्या गावात फर्डिनंडचं दुकान होतं. पुढे शाळेच्या वह्या आणि गाईडं, मागे कादंबऱ्यांच्या दोन फळ्या. त्या दोन फळ्यांसाठी त्यांनी वीस वर्षं फर्डिनंडचा पिच्छा सोडला नव्हता. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. कोल्हापूरचं दुकानही गेलं आणि बेळगावचंही.

आणि ही एक ओळ म्हणजे काही गंमत नव्हती, निदान विनयाच्या बाजूनं तरी नाही. कारण विलास बोलणाऱ्यातला माणूसच नव्हता. विमा कंपनीत चौतीस वर्षं काढली, घरी आल्यावर भाजीत मीठ आहे का नाही एवढं सांगायचा. आवडलं, दुखलं, चुकलं, यातलं काहीही त्याच्या तोंडून बाहेर पडत नसे. ते सगळं त्या एका ओळीत उतरायचं. चहा येईपर्यंतच्या पाच मिनिटांत. विनयाच्या संसारात नवरा तिच्याशी जे काही बोलला होता, ते त्या पुस्तकांच्या पुढच्या पानांवर होतं. बाकी सगळं मीठ.

"आण ती पानं," ती म्हणाली.

विलासनं ऑफिसातली जुनी बॉक्स फाईल आणली. आत प्लॅस्टिकच्या पाकिटांत एकेक पान, तारखेप्रमाणे लावलेलं. कडा अशा सरळ की छापखान्यातून आल्यासारख्या. "स्टीलची पट्टी लावून ब्लेडनं कापली," तो म्हणाला. "एकही फाटलं नाही. परक्या माणसानं आपलं खासगी का वाचावं? म्हणून आधी पानं काढली, मगच पुस्तकं दिली."

विनयानं पहिलं पान बघितलं. तिचं स्वतःचं अक्षर. दुसरं बघितलं. तिचंच. तिसरं, चौथं, दहावं. ती भराभरा पाकिटं उलटत गेली. सगळीकडे तिचंच ते गोल, उजवीकडे झुकलेलं अक्षर.

"तू लिहिलेली कुठायत?"

"माझी?" विलासला प्रश्नच कळला नाही. "माझी कशाला ठेवू? माझीच वाक्यं मी ठेवून काय करू? तू मला लिहून दिलेली, ती माझी. ती जपली. माझी बाद केली."

बाद केली! विमा कंपनीतला शब्द. वर्षाच्या शेवटी हा माणूस ऑफिसात गठ्ठे उपसायचा. जपायचे कागद एका बाजूला, बाद करायचे दुसऱ्या बाजूला, आणि याच्या हातून कधी चूक झाली नाही म्हणून साहेब वाखाणायचे. तोच हात त्यानं घरात चालवला होता.

"बाद करून काय केलीस?"

"रद्दीवाल्याला दिली. मंगळवारी. त्याची गाडी त्याच दिवशी कारखान्यात जाते."

विनया खुर्चीत बसली. चहावर साय धरली होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो," आणि विलासला त्याचीच भीती वाटली.

चाळीस वर्षं ती त्याला अरे-तुरे करत आली होती. ऑफिसातली ओळख, मग प्रेम, मग लग्न, त्यात अहो-जाहो कुठून येणार? फार म्हणजे फारच संतापली, की मगच तिच्या तोंडी 'अहो' यायचं. आतापर्यंत दोनदा आलं होतं.

"अहो, तुम्ही मला जे लिहून दिलंत, ते कुणाचं होतं?"

विलासनं फाईलचं झाकण मिटलं.

"मी तुम्हाला दिलेलं तुमचं, हे बरोबर कळलं तुम्हाला. मग तुम्ही मला दिलेलं माझं नाही का? कुणाला विचारून टाकलंत? दिलेली वस्तू परत घेतलीत आणि रद्दीत घातलीत. वर चहा करून वाट बघत बसलात!"

"विनया, मला वाटलं..."

"वाटू नका काही. आणि दादरचं पान? तेही मंगळवारीच गेलं?"

विलासनं खाली बघितलं. त्याचे कान लाल झाले.

त्यांच्या मुलाच्या, आयुषच्या आधी एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात, आणि गेलेलीच. विनया तेव्हा महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विलासनं डोळ्यातून टिपूस काढलं नाही की तोंडातून शब्द काढला नाही. तो ऑफिसला जायचा, यायचा, भात टाकायचा. विनयाला वाटायचं, याला काहीच झालं नाही, दगड आहे हा. मग एका शनिवारी तो तिला दादरला घेऊन गेला. ती उजवीकडे गेली, तो डावीकडे. चहा यायच्या आत त्यानं पुस्तक तिच्याकडे सरकवलं. दुकान, तारीख आणि खाली लिहिलेलं, 'मी तिचं नाव उन्नती ठरवलं होतं, तुला सांगायचं राहून गेलं.'

त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. ते नाव घरात कुणी उच्चारलं नाही. जगात ते एका जागी लिहिलेलं होतं, आणि ती जागा या माणसानं स्टीलची पट्टी लावून कापली होती.

संध्याकाळी पुण्याहून आयुषचा फोन आला. बापानंच मदतीला बोलावलेला, हे उघड होतं. "आई, तू लिस्ट दे ना, मी सगळी ऑनलाइन मागवतो. जास्तीत जास्त आठवडा लागेल."

"तुझ्या बापाचं अक्षर ऑनलाइन मिळतं का?" असं विचारून विनयानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन खाली उतरली. विलासनं स्कूटर काढली होती, सीट पुसून. ती त्याच्या शेजारून निघून गेली आणि नाक्यावर जाऊन रिक्षात बसली. "राजोडी," म्हणाली. निर्मळपर्यंत केळीच्या वाड्या मागे पडत होत्या आणि रिक्षाच्या आरशात विलास स्कूटरवर दिसत होता, हेल्मेट घालून, ताठ बसून, मुकाट मागे येणारा. रिक्षावाल्यानं दोनदा आरशात बघितलं. "मॅडम, ते अंकल आपल्याला फॉलो करतायत."

"करू देत," विनया म्हणाली.

रिसॉर्टवर रविवारची गर्दी होती. रिसेप्शनच्या मागे अख्खी भिंत पुस्तकांनी भरलेली. विनया जवळ गेली आणि क्षणभर तिला तिची पुस्तकं ओळखूच येईनात. ती रंगानं लावली होती. लाल एका बाजूला, मग केशरी, मग पिवळी, पार जांभळ्यापर्यंत. कथा, आठवणी, प्रवास, सगळ्यांची रंगपंचमी. एक मुलगी हातात एक निळं पुस्तक उघडून खिडकीशी उभी होती आणि तिची मैत्रीण तिचा फोटो काढत होती. पुस्तक उलटं धरलेलं होतं.

"ते उलटं आहे," विनया म्हणाली.

"इट्स ओके आंटी, फोटोत नाही कळत," मुलगी म्हणाली आणि गोड हसली. विनयानं पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं.

शेल्डन धावत आला. पोरगा वाईट नव्हता. "आंटी, वेलकम! अंकल म्हणाले होते तुम्हाला सरप्राइज आहे. कशी वाटली वॉल? दोन दिवस लागले कलर-वाइज सेट करायला."

"शेल्डन, ही पुस्तकं माझी आहेत. मला न विचारता दिली गेलीत. यातली निम्मी मी परत नेणार आहे. विलासरावांची निम्मी तुला राहू देत, ती त्यांनी दिलीत, त्यांचा त्यांना हक्क आहे."

शेल्डननं दाराकडे बघितलं. विलास हेल्मेट काखेत धरून उंबऱ्याबाहेर उभा होता. "न्या ना आंटी, काही टेन्शन नाही," शेल्डन म्हणाला. "आपल्याला फक्त भिंत भरलेली दिसायला पाहिजे. आत पानं नसली तरी चालतं, नुसती कव्हरं लावू."

त्या बिचाऱ्यानं समजूत घालायला म्हटलं होतं. पण विनयाला ते शब्द असे लागले की तिचा आवाज चढला. "त्यांना सांग ते! पानं नसली तरी चालतात असं मानणारे दोघं झालात!"

चहा पिणारे चार पर्यटक वळून बघायला लागले. आतून स्वयंपाकाची बाई पदराला हात पुसत आली, "पानी देऊ का, बाय? उन्हातशी आलीस," म्हणाली आणि एकूण रंग बघून तांब्या टेबलावर ठेवून परत गेली.

विनया पुस्तकं काढायला लागली. शोधावं लागत नव्हतं. कुठलं पुस्तक त्यानं तिला दिलेलं, कुठलं तिनं त्याला, हे तिला पुस्तकाच्या पाठीवर हात ठेवला तरी कळत होतं. लाल रांगेतली सात, पिवळ्यातली अकरा. प्रत्येक उघडून बघायची, आणि प्रत्येकात कव्हराच्या आत तीच ती सरळ, नेटकी कापलेली कड. घाईनं फाडलं असतं तर बरं झालं असतं, तिला वाटलं. भांडणाच्या भरात फाडलं असतं तरी तिनं समजून घेतलं असतं. हा माणूस शांतपणे, चष्मा लावून, एकेक पान पट्टीखाली धरून बसला होता.

शिडीशिवाय हात पोचेल त्या दोन रांगा उतरवून झाल्या, तेव्हा समुद्राकडच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग झाला. तिनं खुर्ची ओढली. "या," ती विलासला म्हणाली. "बसा. पेन आहे ना खिशाला? उघडा. जिथं पुस्तकाचं नाव छापलंय, त्या पानावर लिहा."

"काय लिहू?"

"जे लिहिलं होतंत ते."

विलासनं पहिलं पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.  "मला आठवत नाही, विनया. कसं आठवेल?"

"कोल्हापूर. पाककृतींचं पुस्तक," विनया म्हणाली. "लग्नाचा पाचवा दिवस. लिहा. 'या बाईंना स्वयंपाक येत नाही हे तिसऱ्या पानावर कळतं, तू मात्र वाचून बिघडू नकोस.'"

विलास लिहायला लागला. तिनं पुढचं पुस्तक सरकवलं. "फर्डिनंडकडचं. आयुषच्या बारशानंतर आठ दिवसांनी. 'काल चूक माझी होती, पण तू फार मोठ्यानं बरोबर होतीस.'"

"हे मी लिहिलं होतं?" विलास आश्चर्यानं म्हणाला आणि त्याला हसू आलं.

"हसू नका. पुढे. पणजी. 'समुद्र बघायला आलो आणि तू दुकानात अर्धा तास मला पाठ दाखवून उभी राहिलीस, पाठही बरी आहे.'"

ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. नाशिक, बेळगाव, फर्डिनंड, पुन्हा फर्डिनंड. तारखांसकट. मधे एकदा त्यानं बोटं चोळली तर ती म्हणाली, "अक्षर नीट काढा."  शेल्डन लिंबू सरबत घेऊन आला आणि न विचारता ठेवून गेला.

"तुला सगळं पाठ आहे," विलास हळूच म्हणाला.

"मग काय करणार? दुसरं बोललात कधी काही?"

मग हाताला दादरचं पुस्तक आलं. पांढऱ्या कव्हराचं, कडेनं पिवळं पडलेलं. विनयानं ते त्याच्यापुढे ठेवलं आणि तोंड मिटलं. हे ती सांगणार नव्हती. हे जर त्याला आठवलं नाही, तर या स्कूटरवाल्याबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत कशाला जायचं, कुडाळ काय वाईट आहे, इथपर्यंत ती रात्रभर येऊन पोचली होती.

विलासनं पुस्तक उघडलं. पेन टेकवलं आणि न थांबता एका दमात लिहिलं. दुकान, तारीख, ओळ. उन्नती. एक अक्षर चुकलं नाही.

विनयाला वाटलं होतं, त्याला आठवलं तर राग उतरेल. उलट तो नव्यानं उसळला. "आठवत होतं? शब्दन् शब्द आठवत होता, आणि तरी कापलंत?"

"हात थांबला होता," विलास म्हणाला.  "बराच वेळ. मग वाटलं, हे माझ्या डोक्यात आहेच. कागद नसला म्हणून काय."

"तुमच्या डोक्यात! आणि तुम्ही नसाल तेव्हा? मी तुमचं डोकं उघडून वाचू का? अहो, तुमच्या डोक्यात काय आहे हे मला कळायला तेवढं एक पान होतं. एक!"

विलासचे डोळे भरून आले. तिनं ते बघितलं आणि पुढचं पुस्तक त्याच्यापुढे आपटलं. "रडायचं ते घरी. हे घ्या."

हिरव्या कव्हराचं, बारीकसं. औषधी झाडांवरचं. विनयानं तोंड उघडलं आणि तिला पुढचं सापडेना.

चर्चच्या हॉलमधलं पुस्तक प्रदर्शन, एवढं आठवत होतं. नाताळच्या आधीचा आठवडा. तिच्या अंगावर चॉकलेटी स्वेटर. त्यानं शाई संपल्यामुळे शेजारच्या टेबलावरून लाल पेन मागून आणलं होतं. ओळ वाचून ती हसली होती, इतकी की चहा सांडला. हे सगळं स्वच्छ दिसत होतं, लाल शाईसुद्धा. फक्त ओळ नव्हती. तिनं डोळे मिटले, उघडले, पुस्तक चाळलं, त्यात एखादा शब्द असेल म्हणून. काही नाही.

"चर्चच्या हॉलमधलं प्रदर्शन, नाताळच्या आधीचा आठवडा. ओळ आठवत नाही. तुम्हाला?" तिनं विचारलं.

विलासनं मान हलवली. तो खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, पण त्याच्याकडेही नव्हती. ती दोघांकडेही नव्हती, आणि पान कुठल्या तरी कारखान्यात भिजून लगदा झालं असणार. साधीच काहीतरी ओळ होती. झाडपाल्यावरची थट्टा. विनयाला हुंदका आला आणि तिनं तो दातांखाली धरला.

विलासनं पेन उचललं. "मी नवीन लिहू? आत्ता सुचेल ते. चांगलं लिहीन."

"नवीन नाही," विनया म्हणाली. "नवीन पुस्तकं आणाल त्यांच्यावर नवीन लिहा. याच्यावर जे झालं ते लिहा."

 मग त्याला कळलं. त्यानं प्रदर्शनाचं ठिकाण लिहिलं, नाताळच्या आधीचा आठवडा असं लिहिलं, आणि त्याखाली, तिनं सांगितल्याप्रमाणे नीट अक्षर काढून लिहिलं, 'इथं विनयाला हसवणारी एक ओळ होती, ती मी कापली.'

विनयानं शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं, आणि मग पुढचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.